जुन्या गोव्याच्या मनोऱ्यामागचे संत ऑगस्टीन: हिप्पोच्या बिशपांची पस्तीस वर्षे

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या गोव्याच्या टेकडीवर जो उंच पडका मनोरा उभा आहे, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते संत ऑगस्टीन नेमके कोण? ‘वाया गेलेला तरुण आईच्या अश्रूंनी सुधारला आणि संत झाला’ एवढीच गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. बिशप म्हणून त्यांनी काय केले, त्यांचे आज काय उरले आहे आणि वाचायचे तर सुरुवात कुठून करायची?

आधी नावाचा घोळ मिटवू. या नावाचे दोन मोठे संत आहेत. एक हिप्पोचे ऑगस्टीन (३५४ ते ४३०), उत्तर आफ्रिकेतले. दुसरे कँटरबरीचे ऑगस्टीन, ज्यांना पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला धाडले आणि जे ५९७ मध्ये तिथे पोहोचले. इंटरनेटवर दोघांची चित्रे आणि तारखा सर्रास एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. गोव्याचा मनोरा, २८ ऑगस्टचा सण आणि ‘कन्फेशन्स’ हे पुस्तक, तिन्ही हिप्पोच्या ऑगस्टीन यांचे.

आता त्या गोष्टीबद्दल. ती खोटी नाही, पण जिथे संपते तिथे ऑगस्टीन बत्तीस वर्षांचे होते. पुढे ते त्रेचाळीस वर्षे जगले, आणि त्यातली पस्तीस एका गजबजलेल्या बंदराच्या गावी बिशप म्हणून काढली. त्यांना समजून घ्यायचे तर त्या पस्तीस वर्षांकडे पाहायला हवे, म्हणून तारुण्य भराभर सांगतो.

१३ नोव्हेंबर ३५४ रोजी तागास्त या गावी जन्म. हे गाव म्हणजे आजच्या अल्जीरियातले सूक अहरास. वडील पॅट्रिशियस नगरसभेचे सभासद. मान होता, पैसा बेताचा. आई मोनिका ख्रिस्ती. वडिलांनी मरणाच्या थोडे आधी बाप्तिस्मा घेतला. फीपुरते पैसे जमेनात म्हणून सोळाव्या वर्षी शिक्षण थांबले आणि मुलगा वर्षभर घरी रिकामा बसला. शेजारच्या झाडावरचे पेअर चोरून डुकरांना टाकल्याचा जो प्रसंग त्यांनी पुढे इतक्या पोटतिडकीने लिहिला, तो त्याच वर्षातला. मग गावातल्या रोमानियानुस नावाच्या धनिकाने हात दिला आणि ते कार्थेजला गेले. तिथे एका स्त्रीबरोबर संसार मांडला, तो पंधराएक वर्षे टिकला. मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ अगदी आपल्याकडचा ‘देवदत्त’. नऊ वर्षे ते मानीपंथाचे (प्रकाश आणि अंधार या दोन शक्तींचा झगडा मानणाऱ्या, मानी यांनी काढलेल्या पंथाचे) ‘श्रोते’, म्हणजे खालच्या पायरीचे अनुयायी होते. पुढे रोममध्ये शिकवणी केली, तिथे फी द्यायची वेळ आली की विद्यार्थी दुसऱ्या शिक्षकाकडे पळत. ३८४ मध्ये मिलानला वक्तृत्वाच्या प्राध्यापकाची सरकारी जागा मिळाली.

लोकप्रिय गोष्टीत एक भाग वगळला जातो, तो सांगायलाच हवा. मिलानला बढतीच्या आशेने चांगल्या घरची वधू ठरवली गेली, आणि त्यासाठी पंधरा वर्षे सोबत राहिलेली ती स्त्री आफ्रिकेला परत पाठवली गेली. मुलगा वडिलांकडे राहिला. ठरलेली वधू इतकी लहान होती की लग्नाला दोन वर्षे थांबावे लागणार होते. ऑगस्टीन यांनी हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे, काळीज रक्तबंबाळ झाले असेही लिहिले आहे. तिचे नाव मात्र कुठेही दिलेले नाही.

मिलानला बिशप अँब्रोज यांची प्रवचने ते आधी केवळ भाषा ऐकायला जात, मग आशय मनात उतरू लागला. ३८६ च्या ऑगस्टमध्ये बागेत ‘उचल आणि वाच’ असा लहान मुलाचा आवाज कानी आला आणि त्यांनी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातले वचन वाचले. २४-२५ एप्रिल ३८७ च्या ईस्टर रात्री अँब्रोज यांनी त्यांना, त्यांच्या मुलाला आणि मित्र अलिपियस यांना बाप्तिस्मा दिला. त्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचा पाया मिलानच्या कॅथेड्रलखाली आजही पाहता येतो. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ऑस्तिया बंदरात मोनिका वारल्या, छप्पन्नाव्या वर्षी. तागास्तला परतल्यावर थोड्याच काळात देवदत्तही गेला.

इथून खरा विषय सुरू होतो. त्या काळी एखादा लायक माणूस दिसला की लोक त्याला धरून बळेच धर्मगुरू करत. ऑगस्टीन यांना हे ठाऊक होते, म्हणून जिथे बिशपांची जागा रिकामी असेल त्या गावी ते पाऊलच टाकत नसत. ३९१ मध्ये हिप्पोला (आजचे अन्नाबा) गेले ते तिथे बिशप आहेत म्हणून निर्धास्त होऊन. पण बिशप व्हॅलेरियस मूळचे ग्रीक, लॅटिन प्रवचन त्यांना जड जाई. आपल्याला मदतनीस धर्मगुरू हवा असे ते भर उपासनेत बोलले आणि जमावाने ऑगस्टीन यांना पकडून पुढे ढकलले. ते रडू लागले. काही जणांना वाटले, थेट बिशप न करता साधे धर्मगुरू केले म्हणून हे रडताहेत. त्यांनी समजूतही घातली की बिशपपद काही फार दूर नाही! हे सगळे आपल्याला कळते ते पॉसिडियस यांच्यामुळे. ते ऑगस्टीन यांचे शिष्य, पुढे कलामाचे बिशप आणि त्यांचे पहिले चरित्रकार. नेमणुकीनंतर ऑगस्टीन यांनी व्हॅलेरियस यांच्याकडे पहिली मागणी केली ती शास्त्राभ्यासासाठी ईस्टरपर्यंत सवड देण्याची.

व्हॅलेरियस यांनी दोन चाकोरीबाहेरच्या गोष्टी केल्या. आफ्रिकेत बिशप समोर असताना साध्या धर्मगुरूने प्रवचन करायचे नाही असा रिवाज होता. तो मोडून त्यांनी ऑगस्टीन यांना बोलायला लावले. आणि हा माणूस दुसऱ्या गावाने पळवू नये म्हणून ३९५ च्या सुमारास आपण हयात असतानाच त्यांना सहबिशप केले. एका नगरात दोन बिशप नकोत असे ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवले होते, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. ऑगस्टीन यांना ही चूक आयुष्यभर टोचली, आणि स्वतःचा वारस नेमताना त्यांनी ती टाळली. त्याबद्दल पुढे.

बिशपांचा दिवस कसा जाई? सकाळी उपासना, मग कोर्ट. सम्राट कॉन्स्टंटाइन यांच्यापासून बिशपांना दिवाणी तंटे ऐकण्याचा अधिकार होता. हे न्यायालय फुकट आणि झटपट, त्यामुळे रीघ लागे: जमिनीच्या हद्दी, वारसाहक्क, कर्जे, अज्ञान मुलांचे पालकत्व. पॉसिडियस सांगतात की कधी जेवणाच्या वेळेपर्यंत, तर कधी दिवसभर उपाशीपोटी ते तंटे ऐकत बसत. ओळखीच्या दोघांपेक्षा अनोळखी दोघांचा न्याय करणे बरे, असे ते म्हणत. अनोळखींपैकी ज्याच्या बाजूने निकाल लागतो तो मित्र होतो. ओळखीच्यांपैकी ज्याच्या विरुद्ध जातो तो मित्र हातचा जातो.

घर म्हणजे मठच होता. बिशप आणि त्यांचे धर्मगुरू एकत्र राहत, एकत्र जेवत, कुणाचीही खाजगी मालमत्ता नसे. चमचे तेवढे चांदीचे. बाकी भांडी मातीची, लाकडाची, संगमरवराची. रोजच्या जेवणात भाजीपाला, आजारी आणि पाहुण्यांसाठी मांस, आणि वाइन कायम. मेजावर दोन ओळींचा श्लोक लिहिलेला होता: पाठीमागे दुसऱ्याची निंदा करण्याची ज्याला आवड आहे, त्याने हे मेज आपल्यासाठी नाही असे समजावे. एकदा काही बिशप मित्र जेवताना दुसऱ्यांबद्दल बोलू लागले, तेव्हा ऑगस्टीन म्हणाले, एकतर हा श्लोक पुसा, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो.

पैशाच्या बाबतीत त्यांचा कस लागला तो ४२५-४२६ मध्ये. जानुआरियस नावाचे त्यांच्या मठातले धर्मगुरू वारले आणि मागे मृत्युपत्र निघाले. ज्याच्याकडे काहीच नसायला हवे होते त्याने पैसा बाळगला होता, मुलगा-मुलीला डावलून तो चर्चला दिला होता, आणि भावंडांत वाद पेटला होता. ऑगस्टीन यांनी तीन गोष्टी केल्या. वारसा नाकारला. प्रकरण जसेच्या तसे लोकांपुढे मांडले. मग आपल्या प्रत्येक धर्मगुरूची चौकशी करून कोणाकडे काय आहे, शेत कोणाच्या नावावर आहे, गुलामांना मुक्त केले की नाही, याचा हिशेब पुढच्या प्रवचनात नावानिशी वाचून दाखवला. ती दोन्ही प्रवचने आज उपलब्ध आहेत (क्रमांक ३५५ आणि ३५६). कुठल्याही संस्थेचा कारभार पाहणाऱ्याने ती वाचावीत. मुलांना बेदखल करून चर्चला इस्टेट द्यायची असेल तर ऑगस्टीन सोडून दुसरा कोणी शोधा, असे ते स्पष्ट बजावत. दान करायचेच असेल तर ख्रिस्ताला आणखी एक अपत्य समजा आणि त्याचा तेवढा वाटा काढा, हा त्यांचा हिशेब.

बंदरातले सगळ्यात भीषण प्रकरण गुलामांच्या व्यापाराचे होते. मित्र अलिपियस यांना उतारवयात लिहिलेल्या एका पत्रात ते सांगतात की दलाल आत खेड्यापाड्यांवर धाडी घालून स्वतंत्र माणसांना, बायका-मुलांनाही, पळवून आणतात आणि जहाजात भरून परदेशी विकतात. हिप्पोच्या मंडळींनी एका झपाट्यात सुमारे १२० माणसे सोडवली. त्या पत्रात ऑगस्टीन यांची अडचणही उघड दिसते. दलालांना शिसे लावलेल्या चाबकाने मारण्याची कायद्यात तरतूद होती, पण तसा मार बसला तर माणूस मरतो, म्हणून ते कायदा वापरायला बिचकत होते. दलालांच्या पाठीशी बडी माणसे होती. सोडवलेल्यांना परत मागणारे लगेच उभे राहिले. इतर वेळी कैदी सोडवायला पैसे कमी पडले की ते चर्चची पवित्र पात्रे मोडून वितळवत.

प्रवचनाची पद्धत समजल्याशिवाय त्यांचे लिखाण समजत नाही. बिशप आसनावर बसलेले, लोक उभे. हातात कागद नाही. समोर लघुलेखक बसून शब्दन् शब्द टिपत, म्हणून वाक्यांत मध्येच ‘आता टाळ्या नकोत’, ‘जरा शांत व्हा, माझा आवाज बसलाय’ असे उद्गार जसेच्या तसे उरले आहेत. एकदा वाचकाने ठरलेले स्तोत्र सोडून भलतेच म्हटले. ऑगस्टीन यांनी चूक दुरुस्त केली नाही. त्या वेळी जे गायले गेले त्यावरच, म्हणजे त्यांच्या क्रमाने १३८ व्या स्तोत्रावर, प्रवचन केले. (त्यांच्या स्तोत्रांचे क्रमांक ग्रीक-लॅटिन पद्धतीचे आहेत. मराठी बायबलमध्ये ते १३९ वे स्तोत्र. स्तोत्र १० ते १४७ या टापूत बहुतेक ठिकाणी एकाचा फरक पडतो, आणि वाचक हमखास इथेच चुकतात.)

प्रवचन लागले हे कशावरून ओळखायचे? त्यांचे उत्तर एका घटनेत आहे. मॉरितानिया या उत्तर आफ्रिकेतल्या रोमन प्रांतातल्या कैसरिया नगरात दरवर्षी ठरलेल्या दिवसांत गावाचे दोन तट पडत आणि भाऊ भावावर, बाप लेकावर दगड चालवी, माणसे मरत. ४१८ मध्ये तिथे गेले असता ऑगस्टीन यांनी त्याविरुद्ध प्रवचन केले. लोकांनी वाहवा केली तेव्हा काही साधले असे त्यांना वाटले नाही. लोक रडू लागले, तेव्हा ते थांबले. आठ वर्षे आणि त्याहून अधिक काळ तो प्रकार पुन्हा झाला नाही, अशी नोंद त्यांनी स्वतः केली आहे.

नवख्यांना श्रद्धेची ओळख कशी करून द्यायची यावर त्यांनी ४०० च्या सुमारास कार्थेजचे डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक) देओग्रासियस यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. आजच्या धर्मशिक्षकाला त्यांच्या सगळ्या ग्रंथांत हीच जास्त उपयोगी आहे. देओग्रासियस यांची तक्रार होती की बोलता बोलता आपल्यालाच कंटाळा येतो. ऑगस्टीन कंटाळ्याची कारणे एकेक करून घेतात: मनातला विचार शब्दांत उतरत नाही, तेच तेच सांगावे लागते, समोरचा दगडासारखा बसतो, हातातले आवडते काम सोडून यावे लागते. प्रत्येकावर उपाय. समोरचा जांभया देऊ लागला तर आधी कारण शोधा. उभे राहून पाय दुखत असतील तर बसायला आसन द्या, मुळात सुरुवातीपासूनच बसवलेले बरे. बोलणे आवरते घ्या, आणि लवकर संपवणार आहोत हे सांगून टाका. शेवटी नमुन्याची दोन भाषणे दिली आहेत, एक लांबलचक आणि एक आटोपशीर.

भाषांतराबद्दलची एक हकिकत मराठी वाचकाला लगेच पटेल. बायबलचे पंडित जेरोम यांनी जुन्या कराराचे हिब्रूवरून केलेले नवे लॅटिन भाषांतर ओएया नगरातल्या (आजचे त्रिपोली) बिशपांनी उपासनेत वाचायला सुरुवात केली. बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या डोक्यावर सावली धरणारा वेल जुन्या पाठात भोपळ्याचा होता, जेरोम यांनी तो आयव्हीचा केला. लोक खवळले. पिढ्यान् पिढ्या ऐकलेला शब्द बदलला म्हणून गोंधळ झाला आणि बिशपांवर कळपच गमवायची पाळी आली. ऑगस्टीन यांनी जेरोम यांना हे कळवून नव्या भाषांतराबद्दल धास्ती व्यक्त केली. भाषेच्या मुद्द्यावर जेरोम वरचढ होते, ऑगस्टीन यांचे ग्रीक कच्चे आणि हिब्रू शून्य. पण उपासनेत एक शब्द बदलला की काय होते, हे गावात राहणाऱ्या बिशपांना जास्त नेमके कळत होते.

आता अवघड भाग. डोनॅटिस्ट पंथाचे प्रकरण त्यांच्या चरित्रातून कुणी गाळू नये. रोमन सरकारने ३०३ पासून केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्यांनी शास्त्रग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार (बाप्तिस्म्यासारखे विधी) ग्राह्य की अग्राह्य, यावरून आफ्रिकेतले चर्च दुभंगले होते. अग्राह्य म्हणणारे ते डोनॅटिस्ट. ऑगस्टीन यांचा सिद्धान्त असा की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो अवलंबून नाही. आजही कॅथलिक ख्रिस्तसभा याच पायावर उभी आहे. पण वाद नुसता पुस्तकी नव्हता. डोनॅटिस्टांच्या बाजूच्या, सोटे घेतलेल्या टोळ्या खेड्यांतून फिरत. पॉसिडियस यांना मारहाण झाली. ऑगस्टीन यांच्यासाठीही दबा धरला होता, वाटाड्या रस्ता चुकला म्हणून ते वाचले.

सुरुवातीला ते म्हणत, जबरदस्ती नको, चर्चेने पटवू. पुढे मत फिरले. कायद्याच्या धाकाने आपले स्वतःचे गावही एकत्र आले हे आपण पाहिले, असे त्यांनी ४०८ च्या सुमारास लिहिले. जून ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले, सम्राटाचे अधिकारी मार्सेलिनस यांनी निकाल डोनॅटिस्टांविरुद्ध दिला, आणि ४१२ च्या कायद्याने दर्जाप्रमाणे दंड, चर्चची जप्ती आणि धर्मगुरूंना हद्दपारी आली. ‘आत यायला भाग पाड’ या लूकच्या शुभवर्तमानातल्या शब्दांचा आधार ऑगस्टीन यांनी यासाठी घेतला. पुढच्या शतकांत पाखंड्यांचा छळ करणाऱ्यांनी त्यांचेच शब्द पुढे केले. त्यांच्या बाजूने एवढे नक्की सांगता येते की देहदंड आणि अवयव तोडणे याला ते ठाम विरोध करत. एका कॅथलिक धर्मगुरूचा खून झाला आणि दुसऱ्याचे हालहाल केले गेले, तेव्हाही गुन्हेगारांना मारू नका असे पत्र त्यांनी मार्सेलिनस यांना पाठवले. पण जबरदस्तीला दिलेली मान्यता ही चूक होती, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यानेही ती चूक म्हणूनच सांगावी.

‘प्रेम कर आणि हवे ते कर’ हे त्यांचे वाक्य शुभेच्छापत्रांवर छापतात. ते खरे आहे. योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या सातव्या प्रवचनात आहे. मात्र संदर्भ वाचा: बाप मुलाला मारतो आणि मुले पळवणारा गोंजारतो, कृतीवरून नव्हे, हेतूवरून पारख करा, असा तो युक्तिवाद आहे आणि त्यामागे डोनॅटिस्टांचा वाद आहे. गोड दिसणारे वाक्य किती धारदार आहे ते तेव्हा कळते.

पेलेजियस या त्यांच्या काळातल्या धर्मशिक्षकाशी झालेला वाद इथे थोडक्यात. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप राहू शकतो या मताला ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की इच्छाच दुखावलेली आहे, देवाची कृपा आधी लागते. त्यातून मूळ पापाचा सिद्धान्त पश्चिमेत त्यांनी दिलेल्या आकारात रुजला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तो त्या आकारात घेतला नाही. ‘देवाचे नगर’ हा बावीस भागांचा ग्रंथ ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटल्यावर, ‘जुने देव सोडले म्हणून हे झाले’ या आरोपाला उत्तर म्हणून ४१३ मध्ये सुरू झाला आणि ४२६ च्या सुमारास संपला. सुरुवातीचे भाग मार्सेलिनस यांना अर्पण आहेत, आणि त्याच ४१३ मध्ये मार्सेलिनस यांना राजकीय सूडातून ठार करण्यात आले.

२६ सप्टेंबर ४२६ ची सभा मात्र जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिचे इतिवृत्त त्यांच्या पत्रसंग्रहात २१३ व्या क्रमांकावर आहे. बहात्तरीजवळ आलेले ऑगस्टीन लोकांना सांगतात की वारस म्हणून मला धर्मगुरू एराक्लियस हवे आहेत. लघुलेखकांनी जयघोषही मोजले: ‘देवाचे आभार, ख्रिस्ताची स्तुती’ तेवीस वेळा, ‘ख्रिस्ता, ऐक, ऑगस्टीनला आयुष्य दे’ सोळा वेळा, ‘तुम्हीच आमचे वडील, तुम्हीच आमचे बिशप’ आठ वेळा. मग ते निकायाचा नियम सांगतात. माझ्या वेळी जे झाले ते आता नको; एराक्लियस आज साधे धर्मगुरूच राहतील, बिशप माझ्या मागे होतील. आणि एक जुनी तक्रार: आठवड्यातले पाच दिवस मला शास्त्राभ्यासासाठी मोकळे सोडायचे तुम्ही लेखी कबूल केले होते, थोडे दिवस पाळले आणि मग सकाळ-दुपार पुन्हा गराडा घातला. आता तरी एराक्लियस यांच्याकडे जा.

मिळालेल्या सवडीत त्यांनी एक विरळा काम केले. स्वतःचे सगळे ग्रंथ काढून ते क्रमाने तपासले: ९३ ग्रंथ, २३२ भाग. कुठे चुकलो, कुठे आज वेगळे म्हणेन, ते प्रत्येकाखाली लिहिले. पत्रे आणि प्रवचने तपासायची राहून गेली. ४२९ मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीचे लोक आफ्रिकेत उतरले, ४३० मध्ये हिप्पोला वेढा पडला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ताप आला. पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि सुमारे दहा दिवस, वैद्य आणि जेवण येण्याच्या वेळा सोडून, कुणालाही आत सोडले नाही. २८ ऑगस्ट ४३० रोजी ते वारले. मृत्युपत्र नव्हते, कारण मागे ठेवायला काही नव्हते. फक्त चर्चचे ग्रंथालय नीट जपा एवढे सांगणे होते.

ते जपले गेले. पॉसिडियस यांनी ग्रंथ, प्रवचने आणि पत्रे मिळून एक हजार तीसच्या आसपास नोंदींची यादी केली. बरेच काही हरवले, पण अजून सापडतेही. योहानेस दिव्याक यांनी फ्रान्समधल्या हस्तलिखितांत २९ नवी पत्रे शोधून १९८१ मध्ये छापली. गुलामांचे पत्र त्यातलेच. १९९० मध्ये फ्रान्स्वा दोल्बो यांना माइन्झमध्ये २६ प्रवचने ओळखता आली, आणि २००७ मध्ये एरफुर्टला आणखी सहा सापडली. म्हणूनच फार जुन्या चरित्रांवर विसंबू नका. उतारवयातला बिशप खरा कसा होता हे या नव्या कागदांनीच दाखवले. अस्थी आधी सार्डिनियाला आणि आठव्या शतकात लोंबार्ड राजा लिउतप्रांद याच्या काळात इटलीतल्या पावियाला गेल्या. तिथल्या सान पिएत्रो इन चिएल दोरो चर्चमध्ये त्या आहेत.

गोव्याशी धागा जुळतो तो त्यांच्या मठनियमावलीमुळे. ही आठ छोट्या प्रकरणांची आहे, आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचायची अशी तिच्यातच सूचना आहे. एक मन, एक हृदय; वाटप सर्वांना सारखे नाही, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे; भांडण झालेच तर लवकर मिटवा. तेराव्या शतकात (१२४४ आणि १२५६) ती पाळणारे गट एकत्र येऊन ऑगस्टिनियन संघ झाला. हे संघवासी १५७२ मध्ये गोव्यात आले. १५९७ ते १६०२ या काळात त्यांनी टेकडीवर ‘नोसा सेन्योरा दा ग्रासा’, म्हणजे कृपेच्या माउलीचे चर्च बांधले. मनोरा या चर्चचा. चर्चचे नाव मरियेचे, संघाचे नाव ऑगस्टीन यांचे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, इमारत ओस पडली आणि १८४२ मध्ये छत कोसळले. जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा तेवढा राहिला. त्याची मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. जॉर्जियाच्या राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला हुतात्मा झाल्या, त्यांचे अवशेष ऑगस्टिनियनांनीच इथे आणले होते. उत्खननात सापडलेल्या हाडांची डीएनए तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतला भाग जॉर्जियाला दिला. समोरचा सांता मोनिका कॉन्व्हेंट मोनिका यांच्या नावाचा. मायलेक तिथे समोरासमोर आहेत. मे २०२५ मध्ये पोप झालेले लिओ चौदावे याच संघाचे, आणि बाल्कनीतून पहिल्याच दिवशी त्यांनी ऑगस्टीन यांचे वाक्य उच्चारले: तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती, तुमच्यासाठी मी बिशप.

वाचायला सुरुवात ‘कन्फेशन्स’पासूनच करा, पण नाव मराठीत ‘कबुलीजबाब’ असे समजून नको. ‘कन्फेसियो’ या लॅटिन शब्दात पापाची कबुली आणि देवाची स्तुती दोन्ही आहेत, आणि सगळे पुस्तक देवाशी बोललेले आहे. विठ्ठलाशी थेट भांडणारा, त्याच्यापुढे स्वतःला उघडे करणारा अभंग ज्यांच्या कानावर आहे त्यांना हा सूर परका वाटणार नाही. तेरा भाग आहेत. एक ते नऊ आत्मकथन, दहावा स्मृतीवर, अकरावा काळावर, शेवटचे दोन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर. बहुतेक जण नवव्यानंतर पुस्तक मिटतात. किमान दहावा वाचा, कारण तो लिहिताना ते बिशप होते आणि मोह अजून संपलेले नाहीत हे त्यात कबूल करतात. त्यानंतर पॉसिडियस यांचे छोटे चरित्र, मग वर सांगितलेली दोन प्रवचने आणि देओग्रासियस यांच्यासाठीची पुस्तिका. ‘देवाचे नगर’ हातात घ्यायचे तर पहिल्या पानापासून सलग वाचू नका, रोमन देवतांच्या जंत्रीत दम तुटेल. एकोणिसावा भाग, शांततेवरचा, आधी वाचा.

उद्धृत करताना पान क्रमांक देऊ नका, आवृत्तीगणिक तो बदलतो. भाग, प्रकरण, परिच्छेद असे तीन आकडे द्यायचे: बागेचा प्रसंग ८.१२.२९. दिव्याक यांच्या पत्रांच्या क्रमांकापुढे तारा असतो. पत्र १० आणि पत्र १०* ही वेगवेगळी आहेत. आणि ज्या वाक्याला असा पत्ता नाही ते वापरू नका. ‘जग हे पुस्तक आहे, प्रवास न करणारा एकच पान वाचतो’ हे त्यांच्या लिखाणात नाही. ‘जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो’ हे या शब्दांत नाही. ‘आवश्यक बाबतींत ऐक्य, संशयास्पद बाबतींत स्वातंत्र्य, सगळ्यांत प्रेम’ हे सतराव्या शतकातले आहे. ‘रोम बोलले, प्रकरण संपले’ हे १३१ व्या प्रवचनातल्या वाक्याचे कापून धारदार केलेले रूप आहे. मूळ जागी लगेच पुढे त्यांनी म्हटले आहे, चूकही कधीतरी संपो.